कार्डावरची तारीख आणि कारखान्याची तारीख

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मिल हाउसमधली नियंत्रण यंत्रं १९९६-९७ च्या सुमारास एकमेकांशी जोडली गेली, असं ते वाक्य. ते लिहिताना मला खूप बरं वाटलं होतं, कारण पुरावा हातात धरता येईल असा होता. संगणकीय नियंत्रकाच्या रॅकमध्ये बसवलेलं एक कम्युनिकेशन कार्ड, आणि त्यावरच्या चिपवर छापलेला आकडा ९६१८. असा आकडा बहुतेक वेळा वर्ष आणि आठवडा सांगतो: १९९६ सालचा अठरावा आठवडा. मार्गदर्शकांनाही तो पुरावा आवडला. सेमिनारमध्ये स्लाइडवर फोटो टाकला, कुणी शंका घेतली नाही.

ते वाक्य चुकीचं होतं, तेही थोडंथोडकं नाही, आठ वर्षांनी. कसं चुकलं आणि कसं सापडलं, ते आज सांगते. तुमच्यापैकी जे पेट देऊन कोर्सवर्कच्या उंबरठ्यावर आहेत आणि 'संशोधन साधने' या शीर्षकाखाली काय लिहायचं या चिंतेत आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा. विषय तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक सोसावं लागेल.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते बघू. साखर कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो, तिथून कॅरियरवरून मिलकडे जातो. ऊस एकसारखा येत नाही, कधी ढीग येतो, कधी मोकळं पडतं. मिलच्या तोंडाशी असलेल्या उभ्या शूटमध्ये उसाची पातळी किती आहे ते बघून कॅरियरचा वेग कमीजास्त करावा लागतो. पूर्वी हे काम एक माणूस डोळ्यांनी आणि हातांनी करायचा. पुढे हवेच्या दाबावर चालणारी उपकरणं आली, त्यांचा संकेत ३ ते १५ पीएसआय. मग विजेवरची आली, संकेत ४ ते २० मिलीअँपिअर. इथपर्यंत प्रत्येक संकेताला स्वतंत्र नळी किंवा स्वतंत्र तारेची जोडी लागत असे. म्हणजे एका मोजमापाला एक तार. शंभर मोजमापं असली की तारांचा जुडगा माणसाच्या मांडीएवढा.

मग पीएलसी आला. अमेरिकेत डिक मोर्ले यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सची गरज समोर ठेवून १९६८-६९ मध्ये मॉडिकॉन ०८४ हे यंत्र तयार केलं. रिलेंनी भरलेली कपाटं काढून त्यांच्या जागी एक प्रोग्रॅम करता येणारा डबा ठेवायचा, ही कल्पना. पण गंमत बघा, सुरुवातीचे हे डबे मुके होते. आपल्यापुरतं काम करायचे, शेजारच्या डब्याशी बोलायचं नाही. बोलणं सुरू झालं दहा वर्षांनी. १९७९ मध्ये मॉडिकॉनने मॉडबस जाहीर केला. त्याच सुमारास ॲलन-ब्रॅडलीने आपला डेटा हायवे आणला आणि सीमेन्सची सिमॅटिक एस-५ मालिकाही त्याच साली आली. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, प्रत्येकीची केबल वेगळी, प्रत्येकीचं कार्ड वेगळं. १९८५ नंतर सगळ्यांसाठी एक जागतिक मानक करायचा घाट घातला गेला, पण भांडणं इतकी झाली की शेवटी आयईसी ६११५८ या मानकात एक नव्हे, आठ वेगवेगळ्या पद्धती शेजारीशेजारी बसवून तह करावा लागला. म्हणजे मानक ठरलं, पण एकी झाली नाही. आपल्याकडच्या आघाड्यांची सरकारं आठवतील.

या भांडणाचा परिणाम धाराशिवपर्यंत पोचला, आणि तोच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कंपनी एखादी मालिका बंद करते तेव्हा तिच्या दृष्टीनं विषय संपतो. ॲलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ ही मालिका १९८६ ची, ती २०१७ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. कारखान्याच्या दृष्टीनं मात्र विषय तिथं सुरू होतो. कार्ड बिघडलं की नवीन मिळत नाही. पूर्ण प्रणाली बदलायची तर रॅक, केबल, प्रोग्रॅम, पॅनेल, सगळंच बदलावं लागतं, आणि त्याला पैसा तर लागतोच, वेळही लागतो. हंगामात वेळ कुठे असतो? ऊस तोडला की त्यातली साखर मोडायला लागते. चोवीस तासांच्या आत गाळप व्हावं अशी अपेक्षा असते. मिल सहा तास बंद राहिली तर बाहेर ट्रॅक्टरची आणि बैलगाड्यांची रांग लागते, फडात तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो. बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांची मजुरी टनावर असते, त्यांचाही दिवस बुडतो. अशा वेळी वीस वर्षांपूर्वीचं, हाताच्या तळव्याएवढं एक कार्ड कुठून तरी शोधून आणणं हे कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट विभागाचं काम होऊन बसतं. या कामाचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे पुस्तक आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांना वाचावं लागतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहिला जातो, पण माणसं जगतात ती वापरातल्या, बहुतेक वेळा जुन्या, वस्तूंबरोबर. म्हणून वापराचा, देखभालीचा इतिहास लिहायला हवा. मी हे पुस्तक वाचलं होतं. सारांशिकेत त्याचा हवाला दिला होता. आणि तरीही मी नेमकी शोधाच्या, म्हणजे निर्मितीच्या तारखेला वापराची तारीख समजून बसले. वाचलेलं आणि अंगी भिनलेलं यात फरक असतो.

आता जिल्ह्याविषयी थोडं. आपण आज धाराशिव म्हणतो त्या जिल्ह्याचं अधिकृत नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होतं. आणि १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे १९८० चा एखादा अहवाल 'उस्मानाबाद जिल्ह्यातील कारखाने' म्हणतो तेव्हा त्यातले काही आजच्या लातूरमध्ये आहेत. १९४८ च्या आधीची कागदपत्रं शोधायची तर हैदराबाद संस्थानाच्या दफ्तरात, तीही बहुतेक उर्दूत. नावाची पाटी बदलते, हद्द बदलते, आतला मजकूर वेगळाच असतो. यंत्राच्या पाटीबाबतही मला हेच शिकायचं होतं, पण ते पुढे.

जिल्ह्यातले साखर कारखाने हा एका प्रबंधात मावणारा विषय नाही. ढोकीचा तेरणा सहकारी हा इथला जुना आणि मोठा कारखाना. तो बरीच वर्षं बंदही राहिला. नळदुर्गचा तुळजाभवानी, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कारखाना हेही सहकारी. कळंब तालुक्यात रांजणीचा नॅचरल शुगर खासगी क्षेत्रातला. त्याच तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याचं नाव २०२१ च्या उन्हाळ्यात देशभर झालं, कारण करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिथं इथेनॉल प्रकल्पातल्या यंत्रणेत फेरफार करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला गेला. इथेनॉलमधलं पाणी काढणारी आणि हवेतला नायट्रोजन बाजूला करणारी, दोन्ही यंत्रणा आण्विक चाळणीच्या तत्त्वावर चालतात, म्हणून ते जमलं. मी ज्या कारखान्यात काम केलं तो यांपैकी आहे की नाही, हे सांगणार नाही. तसा शब्द देऊन आत गेले होते.

तर मी पहिल्यांदा गेले ती हंगामात. हंगामात रॅकचं दार उघडून दाखवायलाही कुणाला सवड नसते. इन्स्ट्रुमेंट विभागाच्या ज्येष्ठ फोरमन काकांनी कपाटाचं दार दोन मिनिटं उघडलं, मी बॅटरीच्या उजेडात समोर दिसणाऱ्या एका कार्डाचा फोटो काढला, आकडा वाचला आणि खूश होऊन परत आले. बाकीची कार्डं केबलच्या मागे होती, ती दिसलीच नाहीत. एका कार्डावरून एका कारखान्याचा कालखंड ठरवला. प्रागैतिहासिक काळावर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं असं केलं असतं तर मी तिला हसले असते.

दुसऱ्यांदा गेले ती ऑगस्टमध्ये, देखभालीच्या दिवसांत. कारखान्याचा हा काळ मला फार आवडतो. मिलचे रोलर बाहेर काढलेले असतात, बॉयलरच्या पोटात माणसं उतरलेली असतात, सगळीकडे ग्रीसचा आणि ओल्या बगॅसचा वास. इन्स्ट्रुमेंट विभागाच्या खोलीत टेबलावर ब्लँकेट अंथरून त्यावर सगळी कार्डं ओळीनं मांडली होती. मागच्या हंगामात मिल हाउसकडून येणारे आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर मधूनच गोठत होते. पाच सेकंद, दहा सेकंद, मग पुन्हा सुरू. कुणी विजेला दोष दिला, कुणी कॅरियरच्या मोटरला वेग देणाऱ्या ड्राइव्हला. वेग १९२०० वरून ९६०० वर आणला तेव्हा त्रास कमी झाला होता, संपला नव्हता.

काकांनी चाचणी कशी केली ते तपशिलात लिहिते, कारण साधनांची परीक्षा म्हणून तिच्याकडे बघता येतं असं मला नंतर जाणवलं.

पहिली गोष्ट, कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक कार्डाचा फोटो. कार्डावर बारीक स्विचांची रांग असते, त्यावर त्याचा पत्ता आणि वेग ठरतो. जंपर नावाच्या छोट्या टोप्या असतात. एकदा बोट लागून एखादा स्विच सरकला की मूळ स्थिती कोणती होती ते कुणालाच सांगता येत नाही. मग डोळ्यांनी तपासणी: फुगलेले कपॅसिटर, हिरवट पडलेले जोड, घासून पुन्हा छापल्यासारखी दिसणारी चिप. बाजारात जुन्या चिपवरचा छाप घासून नवा मारलेले नग येतात. ते ओळखायला काका कापसाला थोडं ॲसिटोन लावून चिपच्या पाठीवर फिरवतात. रंग कापसावर आला की तो नग बाजूला.

मग वीज न देता मीटर लावायचा. इथं थांबून समजून घ्या, कारण माझी चूक इथंच पकडली गेली. या कारखान्यातलं जाळं आरएस-४८५ या १९८३ सालच्या मानकावर चालतं. दोन तारांची एक जोडी, ती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी जाते. माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लावायचा असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो नसेल तर संकेत टोकावर आपटून माघारी येतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. दोन टोकांना दोन रोधक म्हणजे तारांच्या जोडीवर मीटरने साधारण ६० ओहम दाखवायला हवेत. १२० दाखवले तर एक टर्मिनेटर गायब आहे. काकांनी मागच्या हंगामाच्या शेवटी, सगळं जोडलेलं असताना, वीज बंद करून मोजमाप घेतलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं: ४०.

चाळीस म्हणजे १२० ओहमचे तीन. माळेला दोनच टोकं असतात, मग तिसरा टर्मिनेटर कुठून आला?

संकेत पाठवणाऱ्या चिपला साधारण ५४ ओहमपर्यंतचा भार पेलता येईल या हिशेबानं मानक लिहिलेलं आहे. तिसऱ्या रोधकामुळं भार वाढतो, संकेताची उंची घटते. घटलेला संकेत शांत वेळी चालून जातो, पण शेजारी मोठी मोटर वेग बदलते तेव्हा गोंगाटात हरवतो. म्हणून आकडे कधी गोठायचे, कधी नाही. टेबलावर हात-दीड हाताच्या केबलवर हीच कार्डं बिनचूक चालत होती, हेही सांगितलं पाहिजे. काकांनी लॅपटॉपला रूपांतरक जोडून एका कार्डाला मॉडबसमधला साधा प्रश्न विचारला: पत्ता ०१, काम ०३, म्हणजे अमुक नोंदी वाचून दाखव. प्रश्नाच्या शेवटी दोन बाइटची पडताळणी बेरीज असते. उत्तर आलं की तीही जुळवून बघायची. रात्रभर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा. मग कार्डावर साठ वॅटचा दिवा ठेवून ते तापवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न, कारण टेबलावर थंड असलेलं कार्ड मार्चमध्ये मिल हाउसच्या कपाटात वेगळं वागतं. एकही चूक नाही. काका म्हणाले, "टेबलावर समदीच गुणी असत्यात, ताई."

मग त्यांनी एकेक कार्ड उचलून टर्मिनेटरचा जंपर बघायला सुरुवात केली. चार कार्डांवर जंपर काढलेला होता. पाचव्यावर तो लावलेला होता. पाचवं म्हणजे माझं, ९६१८ वालं. आमच्या माळेत त्याची जागा मधली, त्याला टर्मिनेटरची गरजच नव्हती. याचा अर्थ हे कार्ड पूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या माळेच्या टोकाला बसलेलं होतं. काढताना जंपर तसाच राहिला, विकताना तसाच राहिला, बसवताना कुणी बघितलं नाही.

मी म्हटलं, "काका, पण हे तर सुरुवातीपासूनच इथं आहे ना?"

ते हसले. "ह्येचं वय काय इचारता? ह्यो आला कुठून ते इचारा." आणि त्यांनी पुढचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक आणि त्याआधी ई/आर. आमच्या कारखान्यात असा कोणताही क्रमांक नाही, इथले टॅग मिल, बॉयलर, पॅन अशा खात्यांवरून सुरू होतात. जहाजांवर ही दोन अक्षरं इंजिन रूमसाठी लिहितात.

हे कार्ड कधी आणलं? काकांना साल आठवेना. आठवलं ते असं: "लातूरला रेल्वेनं पाणी आलतं बगा, त्याच्या म्होरच्या हंगामात." मुलाखती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आपल्याकडे माणसं सालं सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. भूकंपाच्या आधी की नंतर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. पाण्याची रेल्वे म्हणजे एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला. मोठा दुष्काळ म्हटलं तर विचारून घ्यावं लागतं, वयस्कर माणूस असेल तर १९७२ चा, नाहीतर अलीकडचा. प्रसंगाला बांधलेली आठवण मला नुसत्या सांगितलेल्या सालापेक्षा जास्त भरवशाची वाटते. तर हे कार्ड २०१६-१७ च्या हंगामात आलं. दुष्काळामुळं त्या वर्षी ऊस फारच कमी होता. नवीन प्रणाली घेण्याचा विषय संचालक मंडळासमोर ठेवायचीही सोय नव्हती. मूळ कार्ड जळालं होतं, जुनंच मिळवायचं होतं.

मी स्टोअर्सच्या नोंदी काढल्या. आवक नोंदवहीत या नावाचं कार्ड त्या वर्षी आलेलंच नाही. बिन कार्डावर नाही, लेजरमध्ये नाही. तीन दिवस गेले. शेवटी सापडलं ते खरेदीत नव्हे, दुरुस्ती आणि देखभालीच्या खर्चात: एका ठेकेदाराचं बिल, 'संदेशवहन दोष निवारण', एकरकमी. कार्डाचा उल्लेखच नाही. याचं कारण नंतर समजलं. खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, रीतसर बिल लागतं, हमीपत्र लागतं. वीस वर्षांपूर्वीचं कार्ड विकणारा दुकानदार यातलं काय देणार? म्हणून वस्तू सेवेच्या पोटात शिरून येते. यात कुणी पैसे खाल्ले असं मला म्हणायचं नाही, तसा पुरावाही नाही. हंगाम वाचवायचा होता आणि नियमात बसेल असा हा एकच रस्ता होता. पण इतिहासकारासाठी याचा अर्थ फार गंभीर आहे. कारखान्यातल्या जुन्या वस्तूंची सगळी ये-जा कागदावरून गायब आहे. ज्याला फक्त भांडवली खर्चाची पानं मिळाली त्याला वाटेल की या कारखान्यात दहा वर्षं काहीच घडलं नाही.

ठेकेदारानं आठवून सांगितलं की कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. ग्रँट रोड स्टेशनजवळचा तो इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार तुम्हाला माहीत असेलच. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ जसं सुटं सामान मिळतं तसंच, पण कितीतरी मोठं. तिथं चौकशी केली तर असा माल भावनगरकडून येतो असं कळलं. गुजरातच्या किनाऱ्यावर अलंगला १९८३ पासून जहाजं मोडली जातात आणि जहाजातलं सगळं काही, खुर्च्यांपासून पीएलसीपर्यंत, विकलं जातं. नियंत्रण यंत्रणेचे सुटे भाग काढून, तपासून विकणारा मोठा व्यापार भावनगरात उभा राहिलाय. त्यांचे ग्राहक जगभर आहेत.

म्हणजे १९९६ सालचं कार्ड एखाद्या जहाजाच्या इंजिन रूममध्ये, माळेच्या टोकाला बसून समुद्रावर फिरलं, अलंगच्या किनाऱ्यावर उतरलं, भावनगर-मुंबई करत तेरणाकाठी येऊन ऊस मोजायला लागलं. फार सुंदर गोष्ट आहे. म्हणूनच मला तिची भीती वाटली. यातलं पक्कं काय? कार्ड दुसऱ्या माळेच्या टोकाला होतं, हे पक्कं, जंपर सांगतो. ते २०१६-१७ मध्ये आलं हे बऱ्यापैकी पक्कं, आठवण आणि बिल जुळतात. मुंबईहून आलं, हे ठेकेदाराच्या सांगण्यावर. जहाजावर होतं, हे दोन अक्षरांवर आणि बाजाराच्या सर्वसाधारण रीतीवर. ई/आर म्हणजे आणखी एखाद्या कारखान्यातली इलेक्ट्रिकल रूमही असू शकते. प्रबंधात मी जहाजाच्या वाक्यात 'बहुधा' घातलंय. मार्गदर्शकांनी तो शब्द काढून वाक्य अधिक ठाम करायला सुचवलं होतं, मी नम्रपणे तो ठेवला.

परतताना एक दिवस तेरला थांबले. तिथलं लामतुरे संग्रहालय संशोधनात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं बघावं, विषय कोणताही असो. ग्रीक-रोमन जगाला तगर म्हणून माहीत असलेलं हे व्यापारी शहर. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं पांढरीवर, पावसानं माती धुऊन वर आलेली मणी, नाणी, मृण्मूर्ती गोळा केल्या. त्यांनी केलं नसतं तर यातलं बरंच नाहीसं झालं असतं. पण उत्खननात जसा प्रत्येक वस्तूचा थर नोंदवला जातो तसा या वस्तूंना थर नाही. वस्तू खरी, तिचं वय ठरवता येतं, पण ती तिथं केव्हा आणि कशी पोचली हे ती एकटी सांगू शकत नाही. माझ्या कार्डाचं हेच झालं होतं. मला वस्तू मिळाली होती, थर मिळाला नव्हता.

मग थर कुठं होता? दोन ठिकाणी. एक, केबलवर. चांगल्या केबलच्या आवरणावर दर मीटरला कंपनीचं नाव, प्रकार आणि पुष्कळदा उत्पादनाचं साल छापलेलं असतं. कार्ड बदलणं सोपं, भिंतीतून आणि ट्रेमधून गेलेली तीनशे मीटर केबल कुणी सहसा बदलत नाही. टॉर्च घेऊन केबल ट्रेच्या कडेनं चालत गेल्यावर आवरणावर २००४ हे साल तीन जागी वाचता आलं. दोन, सभासदांना छापून पाठवला जाणारा वार्षिक अहवाल. सहकारी कारखान्याच्या इतिहासासाठी यासारखं साधन नाही आणि ग्रंथालयांना त्याची किंमत नाही. मला तो एका सभासद शेतकऱ्याच्या घरी, धान्याच्या कोठीवरच्या फळीवर मिळाला. २००४-०५ च्या अहवालात भांडवली खर्चात मिल हाउसच्या स्वयंचलनाची एक ओळ आहे. ब्लँकेटवरच्या बाकीच्या चार कार्डांवरचे आकडेही ०३ ने सुरू होत होते. सगळं जुळलं. जाळं २००४-०५ चं, कार्ड १९९६ चं, बसवलं २०१६-१७ मध्ये.

आठ वर्षांच्या या फरकानं काय बिघडलं असतं, असं विचाराल. माझा मूळ युक्तिवाद असा होता की १९९१ च्या उदारीकरणानंतर आयात सोपी झाली आणि चार-पाच वर्षांतच मराठवाड्यातले कारखानेही जाळ्यानं जोडले गेले. ऐकायला छान आहे. १९९६ त्याला इतकं नेमकं जुळत होतं की मी दुसरं कार्ड बघायलाच गेले नाही. २००४ मान्य केलं की हा युक्तिवाद या कारखान्यापुरता तरी कोसळतो. मधली वर्षं काय चाललं होतं, याचं उत्तर द्यावं लागतं. माझं आत्ताचं उत्तर असं आहे की यंत्रं स्वस्त होण्यापेक्षा ती चालवणारी, दुरुस्त करणारी माणसं जवळपास असणं जास्त महत्त्वाचं ठरलं. हे अजून सिद्ध झालेलं नाही. तिसरं प्रकरण पुन्हा लिहितेय, सारांशिकेत दिलेली मुदत ओलांडली आहे, फेलोशिपचा काळ संपत आलाय. घरी हे सांगताना मजा येत नाही.

माझ्या तक्त्यात आधी 'साल' असा एकच रकाना होता. आता तीन आहेत: बनलं, आलं, बसवलं. चौथा 'काढलं' हवा होता, पण काढलेलं कार्ड कुणी नोंदवत नाही, ते कपाटात पडून राहतं आणि एक दिवस त्यातल्या एखाद्या चिपसाठी उघडलं जातं. 'आलं' हा रकाना निम्म्याहून जास्त रिकामा आहे. तो भरण्यासाठी पुढचे काही महिने मी दुरुस्तीच्या बिलांचे गठ्ठे बघणार आहे.

काकांनी तो जंपर काढून कार्ड परत बसवलं. मीटरवर ६० आले. वेग पुन्हा १९२०० करून बघितला, दोन दिवस आकडे गोठले नाहीत, पण मिल बंद असताना याला फारसा अर्थ नाही हे तेच म्हणाले. काढलेला जंपर त्यांनी फेकला नाही. एका छोट्या डबीत ठेवला, डबीवर तारीख आणि कार्डाचा क्रमांक लिहिला. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "उद्या ह्येच कार्ड टोकाला लावायची पाळी आली तर?"

तुमच्यापैकी कुणाला कारखान्यात जाऊन असं काम करायचं असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी जा, दसऱ्याच्याही आधी गेलात तर उत्तम. मोळी पडली की एप्रिलपर्यंत कुणी कपाट उघडून दाखवणार नाही, आणि उघडलं तरी तुम्हाला समोरचं एकच कार्ड दिसेल.